मदत हवी आहे: गोषवारा 'दुरुस्तीसह स्वीकृत' आला आहे, राष्ट्रीय परिषदेत पहिलंच सादरीकरण (मानसशास्त्र, मुंबई)

कोरी पाटी

नमस्कार. एमए भाग २, मानसशास्त्र. पुढच्या महिन्यात दक्षिण मुंबईतल्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय परिषद आहे. तिथे पाठवलेला गोषवारा दुरुस्तीसाठी परत आला आहे, आठ दिवसांची मुदत आहे.

विषय: रोज लोकलने दोन तासांहून जास्त प्रवास करणारे विद्यार्थी आणि कॉलेजजवळ राहणारे विद्यार्थी यांना जाणवणारा ताण. प्रत्येक गटात ६० जण. मापनी पीएसएस-१० (जाणवणारा ताण मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली), मराठी अनुवाद आम्हीच केला. टी-चाचणीत (दोन गटांच्या सरासरींची तुलना) फरक सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी असा, आला. शेवटचं वाक्य असं होतं: 'लोकल प्रवासामुळे विद्यार्थ्यांचा ताण वाढतो.'

परीक्षकांचे शेरे तीन: कारण-परिणामाची भाषा काढा, इफेक्ट साइझ (फरक किती मोठा आहे त्याचं माप) द्या, आणि ''जवळ राहणारे' म्हणजे नेमके कोण?' हा तिसरा शेरा मला कळलाच नाही.

शिवाय तोंडी सादरीकरण घ्यावं की पोस्टर? माहितीपत्रकात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालतील असं आहे, तर मराठीत बोलावं का? आणि पूर्ण निबंध आयएसबीएन असलेल्या पुस्तकात छापायला मागत आहेत, द्यावा का?

विद्यानगरी

तिसऱ्या शेऱ्यापासून सुरुवात करा, कारण पहिले दोन त्याच्याच पोटात आहेत.

मुंबईत कॉलेजजवळ दोन प्रकारचे विद्यार्थी राहतात. एक, ज्यांचं घरच जवळ आहे. दुसरे, होस्टेलवर किंवा पीजी म्हणून राहणारे, म्हणजे घरापासून लांब आलेले. दोघांचाही प्रवास पंधरा मिनिटांचा, पण आयुष्य वेगळं: जेवण, खर्च, एकटेपणा, घरी आजारी कोण आहे याची काळजी. तुम्ही त्यांना एका पोत्यात भरलं आहे.

याने काय बिघडतं ते आकड्यांत दाखवतो. तुमचे आकडे इथे नाहीत, म्हणून हे निव्वळ काल्पनिक घेतले आहेत. समजा प्रवासी गटाचं मध्यमान, म्हणजे सरासरी, २१.४ (प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती प्राप्तांक किती पसरले ते, ६.१) आणि जवळच्या गटाचं १८.७ (६.२). फरक २.७. टी(११८) = २.४०, पी (गटांत मुळात फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) = .०१८. सार्थक. आता जवळचा गट फोडा. घर जवळ असलेले ३८, त्यांचं मध्यमान १७.७, होस्टेलवरचे २२, त्यांचं २०.५. होस्टेलवाले प्रवाशांपेक्षा जेमतेम ०.९ ने खाली आले! म्हणजे गाडीत एक मिनिटही न बसणाऱ्यांचा ताण प्रवाशांच्या जवळपास. मग 'लोकलमुळे' हा शब्द कशाच्या जोरावर टिकणार?

तुमच्या खऱ्या माहितीत असंच निघेल असं नाही, पण फोडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर 'कोणाबरोबर राहता' विचारलं असेल तर काम सोपं. तीन गट करा, टी-चाचणीऐवजी एकमार्गी प्रसरण विश्लेषण (तिन्ही सरासरींची एकत्र तुलना) लावा, नंतर टुकी (नेमक्या कोणत्या जोडीत फरक आहे ते सांगणारी चाचणी). वरच्या काल्पनिक आकड्यांवर एफ(२, ११७) सुमारे ४.४, पी सुमारे .०१५ येतं आणि टुकीत फक्त प्रवासी व घर-जवळ या जोडीतला फरक सार्थक ठरतो. होस्टेलचा गट दोघांपैकी कोणापासूनही सार्थकपणे वेगळा निघत नाही. इथे 'होस्टेल आणि प्रवासी सारखेच' असं मात्र लिहू नका. २२ जणांच्या गटात मध्यम फरकही निसटून जातो, एवढंच त्यातून कळतं.

इफेक्ट साइझ: दोन गट ठेवलेत तर कोहेनचा डी, म्हणजे मध्यमानांतला फरक भागिले एकत्रित प्रमाण विचलन. वरच्या उदाहरणात २.७ ÷ ६.१५ = ०.४४. तीन गटांना ईटा वर्ग (प्राप्तांकांतल्या एकूण चढउताराचा किती वाटा गटभेदाशी जुळतो ते), तो इथे .०७. सोबत फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराळ, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, द्याच. उदाहरणात तो ०.५ ते ४.९ येतो. पीएसएस-१० चे प्राप्तांक ० ते ४० असतात, त्यात अर्धा गुण म्हणजे काहीच नाही आणि पाच गुण म्हणजे बरंच. वाचणाऱ्याला ही अनिश्चितता दिसली पाहिजे. नुसत्या पी-मूल्यात ती दिसत नाही.

शेवटचं वाक्य बदलून असं करा: 'घर जवळ असलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत प्रवासी विद्यार्थ्यांचे जाणवलेल्या ताणाचे प्राप्तांक सरासरीने इतके जास्त आढळले.' 'आढळले' आणि 'मुळे वाढतो' यांत सगळा फरक आहे. माहिती एकाच वेळी गोळा केलेली, गट आपोआप पडलेले. घरचं उत्पन्न, झोप, अर्धवेळ नोकरी, काहीच नियंत्रणात नाही.

तिसरा फलाट

विद्यानगरींशी सहमत, दोन गोष्टींची भर घालतो.

पीएसएस-१० मध्ये ४, ५, ७ आणि ८ ही विधानं उलटी आहेत. त्यांचे गुण उलटवले आहेत ना (० चे ४, १ चे ३, २ तसाच)? एक्सेलमध्ये हे हमखास राहून जातं. ओळखायची खूण: प्रत्येक विधानाचा उरलेल्या एकूण प्राप्तांकाशी सहसंबंध काढा. नेमक्या या चार विधानांचा तो उणे आला आणि अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) फार कमी दिसला, तर उलटवायचं राहिलं आहे. उलटवूनही अल्फा कमीच राहिला तर अनुवाद तपासा. ही चार विधानं म्हणजे आपण समर्थ आहोत, गोष्टी मनासारख्या होत आहेत, या अर्थाची होकारार्थी विधानं. मराठीत ती चुकून नकारार्थी झाली, किंवा एकाच वाक्यात दोन 'नाही' आले, की भरणारा गोंधळतो. उलट-अनुवाद केला होता का? मूळ इंग्रजी न पाहिलेल्या व्यक्तीने तुमची मराठी प्रश्नावली पुन्हा इंग्रजीत आणायची आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायच्या. केला असेल तर गोषवाऱ्यात चार शब्दांत लिहा, नसेल तर मर्यादा म्हणून लिहा.

दुसरं, ही मापनी 'गेल्या महिन्यात' असं विचारते. प्रवासी गटाचे फॉर्म परीक्षेच्या आठवड्यात भरून घेतले आणि बाकीच्यांचे सुट्टीनंतर, असं झालं असेल तर आधी फॉर्मांवरच्या तारखा तपासा. पावसाळ्यातल्या गाड्या बंद पडण्याच्या दिवसांचाही असाच परिणाम होतो.

कोरी पाटी

खूप आभार. 'कोणाबरोबर राहता' विचारलं आहे, आज रात्रीच फोडून बघते. उलटी विधानं उलटवली आहेत, उलट-अनुवाद केलेला नाही. फॉर्म सगळे एकाच पंधरवड्यातले आहेत. एक सांगायचं राहिलं: आमच्या कॉलेजात ज्युनिअर आणि सीनिअर एकत्र आहे, नमुन्यात बारावीचेही काही आहेत. त्याने काही अडतं का?

दुपारचे सत्र

अडतं, आणि ताणाच्या गणितापेक्षा जास्त अडतं. बारावीची मुलं बहुतेक १८ च्या आतली. त्यांच्यासाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, असे दोन कागद लागतात. वर्गात शिक्षकांच्या परवानगीने फॉर्म वाटले, हे पालकांच्या संमतीच्या जागी चालत नाही. पालकांची संमती घेतलेली नसेल तर आता मागच्या तारखेने सह्या गोळा करू नका. मार्गदर्शकांना आजच सांगा, १८ खालचे फॉर्म विश्लेषणातून काढा आणि उरलेल्या नमुन्यावर सगळी आकडेमोड पुन्हा करा. गोषवाऱ्यात उरलेली खरी संख्या आणि वयोगट लिहा. नमुना १२० वरून ९५ वर आला तरी चालेल. नैतिकता समितीची मान्यता असेल तर तेही लिहा.

सभागृहात हा प्रश्न विचारणारं कोणी ना कोणी असतंच, आणि विचारायलाच हवा.

तिसरा फलाट

आयएसबीएन पुस्तकाबद्दल: पूर्ण निबंध देऊ नका, फक्त गोषवारा द्या. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, आतल्या निबंधाचं परीक्षण झालं याची ती खात्री नव्हे. पूर्ण निबंध एकदा पुस्तकात छापला की पुढे चांगलं नियतकालिक तो 'आधीच प्रकाशित' म्हणून नाकारू शकतं.

'यूजीसी-केअर नियतकालिकात छापून देऊ' असं आमिष असेल तर सावध राहा, मान्य नियतकालिकांची ती यादीच यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पीएचडीचा विचार असेल तर हेही कळून असू द्या: प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, ते विभागात विचारून घ्या. घाईने कुठेही छापण्याचं कारण उरलेलं नाही.

तुमच्या परिषदेने शेरे लिहून गोषवारा परत पाठवला, हे चांगलं लक्षण आहे. जिथे चोवीस तासांत स्वीकृती आणि त्याच ईमेलमध्ये पैसे भरायचा दुवा येतो, मानसशास्त्रापासून वाणिज्यापर्यंत सगळं एकाच सभागृहात असतं, न येताही प्रमाणपत्र मिळतं, तिथे नोंदणीचे पैसे घालू नयेत. 'आंतरराष्ट्रीय' या शब्दावरही जाऊ नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांना राष्ट्रीय परिषदेतल्या सादरीकरणाचे ३ आणि देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या सादरीकरणाचे ५ गुण आहेत. तो शब्द लावण्याचा मोह तिथूनच येतो.

दुपारचे सत्र

तोंडी की पोस्टर: तुमच्या जागी मी पोस्टर निवडेन. समांतर सत्रांत दहा मिनिटं म्हटली तरी आधीचे वक्ते लांबतात, हातात सहा-सात मिनिटं उरतात आणि प्रश्न कापले जातात. पोस्टरपाशी माणूस थांबतो, तक्त्यावर बोट ठेवतो, 'इथे बावीसच का' विचारतो. होस्टेलच्या गटाची गुंतागुंत समजावायला तीच जागा चांगली.

आधी आयोजकांना बोर्डाचं माप आणि पोस्टर उभं की आडवं ते विचारा. ए-शून्य म्हणजे ८४.१ × ११८.९ सेंटिमीटर; बोर्ड तीन फूट रुंद असेल तर उभं बसतं, आडवं बाहेर येतं. छापताना फ्लेक्स घेतला तर घडी पडत नाही, पावसात भिजत नाही, पण तो जड असतो. टाचण्यांवर टिकत नाही, दुपारपर्यंत वरचा कोपरा सुटून लोंबतो. दुहेरी चिकटपट्टी आणि मोठ्या क्लिपा बरोबर ठेवा. जाड मॅट कागद हलका, टाचणीवर राहतो. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट चमकते आणि बाजूने काही वाचता येत नाही. शीर्षक दोन मीटरवरून वाचता यावं, आतला मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको. मधोमध एकच आलेख: तीन गट, तीन मध्यमानं, प्रत्येकावर विश्वास अंतराळाची रेघ. आख्खी पीएसएस चिकटवायची नाही. पोस्टरची नळी घेऊन सकाळच्या गर्दीत चढायचं असेल तर मालडबा बरा, नाहीतर नळी चेपते.

विद्यानगरी

मराठीत जरूर बोला, माहितीपत्रकात परवानगी आहे. मराठी समाजशास्त्र परिषद, मराठी अर्थशास्त्र परिषद यांची अधिवेशनं मराठीतच चालतात, विषय कुठे अडत नाही. परिभाषेची सक्ती स्वतःवर करू नका. 'प्रमाण विचलन' सगळ्यांना कळतं. 'परिणाम आकार' म्हटल्यावर दोघे कळले नाही असे बघतील, तिथे सरळ इफेक्ट साइझ म्हणा. सत्राध्यक्ष मराठी नसतील असं धरून पोस्टरवरचे आलेख आणि तक्ते इंग्रजीत ठेवा, बोलणं मराठीत.

तोंडीच मिळालं तर आठ मिनिटांचं बसवा. शांतपणे बोललं तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात, म्हणजे लिहून ९०० शब्दांच्या वर नाही. प्रस्तावना एका स्लाइडमध्ये संपवा, 'ताण म्हणजे काय' सांगत बसू नका, समोर सगळे मानसशास्त्राचेच आहेत. निम्मा वेळ पद्धती आणि तीन गटांच्या आलेखाला द्या.

मराठी स्लाइड्स युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केल्या आणि तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर पडद्यावर अगम्य अक्षरं उमटतात. युनिकोड असलं तरी फॉन्ट बदलला की ओळी सरकतात, म्हणून पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर दोन्हीकडे ठेवा. तुमचाच लॅपटॉप लावायचा असेल तर तिथे एचडीएमआय आहे की जुना व्हीजीए, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

कोरी पाटी

१८ खालचे १४ निघाले, पालकांची संमती नव्हती. मार्गदर्शकांना सांगितलं, ते फॉर्म काढले. आता प्रवासी ५४, घर जवळ ३३, होस्टेल १९. पोस्टरच घेते. शीर्षक आता असं ठेवलं आहे: 'मुंबईतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा दैनंदिन प्रवास, निवास आणि जाणवणारा ताण'. ठीक आहे का?

विद्यानगरी

'मुंबईतील महाविद्यालयीन' काढा. नमुना एकाच कॉलेजचा आहे, तर 'मुंबईतील एका महाविद्यालयातील' लिहा आणि शेवटी 'एक तुलनात्मक अभ्यास' जोडा. बाकी उत्तम. पाठवताना दुरुस्त गोषवाऱ्याबरोबर वेगळं अर्ध पान जोडा: प्रत्येक शेरा, त्याखाली तुम्ही काय बदललं, कोणत्या ओळीत. नमुना १२० वरून १०६ का झाला तेही त्यातच, पहिल्या ओळीत. आणि प्रमाणपत्र हातात घेतानाच वाचा. त्यावर 'सहभाग' नको, 'पोस्टर सादर केले' असं हवं, शीर्षकासह. नंतर बदलून मिळायला महिने जातात.