मदत हवी आहे : नव्या कॉम्प्युटरला ८ कोअर घ्यावेत की ४ पुरतील? (छपाईचं दुकान)

निपाणीकर :
दुकानात लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि टॅली चालतं. पत्रिका मराठी-कन्नड दोन्हीत असते, त्यामुळे कोरलड्रॉ आणि नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) कायम एकत्र उघडं. सध्याचं मशीन आय-३ २१२०, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. यात्रेचे, हळदीचे व्हिडिओ जोडून द्यायचं कामही आठवड्याला एक-दोनदा येतं. दोन कोटेशन आहेत : सेकंडहँड झिऑन ई५-२६७०, ८ कोअर, ३२ जीबी, आणि तेवढ्याच पैशात नवा आय-३ १२१००, ४ कोअर, ८ जीबी. ८ कोअर म्हणजे दुप्पट वेग, असं विक्रेता म्हणतो. खरं आहे का? सांगा की जाणकारांनी.

शहापूर_बेळगाव :
नाही, दुप्पट होत नाही. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक माणूस समजा. हजार पत्रिकांच्या घड्या आठ जणांत वाटता येतात. एका पत्रिकेचं प्रूफ आठ जणांत वाटता येत नाही. कोरलड्रॉमधलं ओढणं-सरकवणं आणि टॅलीची एन्ट्री ही प्रूफसारखी कामं आहेत, बहुतांशी एकाच कोअरवर चालतात. व्हिडिओ एक्सपोर्ट हे घड्यांचं काम.

याचा हिशेब कॉम्प्युटर तज्ज्ञ जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ सालीच मांडला आहे. कामाचा निम्माच भाग वाटता येत असेल, तर ४ कोअरने वेग १.६ पट होतो आणि ८ कोअरने १.७८ पट. पुढे कोअर कितीही वाढवा, २ पटीवर जात नाही. ९० टक्के भाग वाटता आला तर मात्र तेच आकडे ३.१ आणि ४.७ होतात. म्हणून आधी कामाचा प्रकार बघा, कोअर नंतर मोजा.

शिवाय ई५-२६७० हा २०१२ चा. एका कोअरचा वेग जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्‌झ, १२१०० चा ४.३, आणि तेवढ्याच गिगाहर्ट्‌झमध्येही नवा कोअर बरंच जास्त काम उरकतो. झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड वेगळं घ्यावं लागणार. विंडोज ११ च्या यादीत तो बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचं आणि जीएसटीचं काम त्यावर करू नका.

खानापूरवाला :
निपाणीकर दादा, घेण्याआधी आहे त्या मशीनवर मोजून बघा. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा, परफॉर्मन्सच्या टॅबवर जा. तुमच्या प्रोसेसरला २ कोअर, ४ थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी चार कामं चालवता येतात. मोठा फ्लेक्स सरकवताना सीपीयू २५ टक्क्यांच्या आसपास अडकला, तर एकच थ्रेड पूर्ण राबतोय. वेगवेगळे आलेख बघून फसू नका. विंडोज तेच काम एका कोअरवरून दुसऱ्यावर फिरवत राहतं, त्यामुळे चारही थोडे थोडे हललेले दिसतात. एकूण आकडाच धरा. डिस्क आणि मेमरीचे टक्केही टिपून घ्या.

निपाणीकर :
बघितलं. फ्लेक्स सरकवताना २६-२७ टक्के. फाईल उघडताना सीपीयू १५, पण डिस्क १००. मेमरी सगळा वेळ ९० च्या वर. व्हिडिओ एक्सपोर्टला सीपीयू १००.

शहापूर_बेळगाव :
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आलं. रोजच्या रडण्याचं कारण रॅम आणि हार्ड डिस्क आहे, कोअर नाहीत. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, कितीतरी वेगवान डिस्क) आणि १६ जीबी रॅम आधी धरा. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्या. एकच पट्टी लावली तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मंदावतं, कारण ते त्याच रॅमवर जगतं. जुनी हार्ड डिस्क बॅकअपला ठेवा.

प्रोसेसर : व्हिडिओ आठवड्याला एक-दोनच असतील तर १२१०० पुरेल. ते काम वाढणार असेल, किंवा एक्सपोर्ट चालू असताना त्याच मशीनवर पत्रिका करायची असेल, तर आय-५ १२४०० घ्या, ६ कोअर, १२ थ्रेड. तुमच्या दुकानाला माझं मत १२४०० लाच. आठ कोअरच्या पुढे पैसे घालू नका.

खानापूरवाला :
एक भर घालतो. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला, म्हणजे १२४००एफ, स्वस्तात दाखवतील. त्यात ग्राफिक्स नसतं. कार्डाशिवाय स्क्रीनच येणार नाही, आणि क्विक सिंक, ज्याने एक्सपोर्ट झपाट्याने होतो, तेही जातं. बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा ते रॅम घेण्याआधी विचारा, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला मागा, ट्रेमधला सुटा नको. बॉक्सबरोबर पंखा आणि इंटेलची ३ वर्षांची वॉरंटी येते. खडेबाजारात घ्या की कोल्हापुरात, प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी यांचे सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या.

आणि छपाईच्या दुकानात कागदाची भुकटी पंख्यात बसते. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, मग सहाच्या सहा कोअर असूनही एक्सपोर्ट रेंगाळतो. दर तीन महिन्यांनी कॅबिनेट उघडा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा.