रायफलची काडतुसं घरी भरताना काय काय चुकतं? (अनुभव धागा)

गॅरेजवाला
शिकारीचा मोसम जवळ आला की अमेरिकेत अनेक गॅरेजमधल्या प्रेस (झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच, म्हणजे केस, पुन्हा भरायचं यंत्र) पुन्हा पुसून निघतात. आज जुन्या पावडरीचा (बंदुकीच्या दारूचा) एक डबा उघडला तर आंबट, नाकात झोंबणारा वास आणि तळाशी तांबूस भुकटी. अशी पावडर खराब झालेली असते, "थोडी वापरून बघू" करायचं नाही. चांगल्या पावडरीला सॉल्व्हंटसारखा हलका वास असतो. खराब झालेली हिरवळीवर अगदी पातळ पसरून टाकायची, मोरीत ओतायची नाही.
त्यावरून म्हटलं, भरताना जे जे बिघडतं ते एका ठिकाणी येऊ दे. इथे स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची तर लागतो. भारतातल्या वाचकांनी मात्र हे फक्त वाचावं. तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

ओहायोकर
केस डायमध्ये (केसला पुन्हा मापात आणणारा साचा) अडकणे. पहिला नंबर हिचाच. कारण एकच, तेल कमी. लॅनोलिन-अल्कोहोलचा स्प्रे मारला की केसेस हलवायच्या आणि पाच मिनिटं थांबायचं. अल्कोहोल उडायच्या आधी डायमध्ये घातली तर अडकलीच. मानेच्या (केसचं निमुळतं तोंड, त्याखालचा उतार म्हणजे खांदा) आतही थोडं जायला हवं, नाहीतर एक्स्पांडर बॉल (मान आतून रुंदावणारा गोळा) ओढताना किरकिरतो आणि खांदा पुढे खेचला जातो.
उलट तेल जास्त झालं तर खांद्यावर खळगा पडतो. लहान खळगा गोळी झाडल्यावर निघतो, घडी पडलेली केस फेकायची.
अडकलीच तर लिव्हरवर जोर देऊ नका, कड फाटते आणि शेलहोल्डर (केसचं बूड धरणारा तुकडा) मोकळा होतो. डीकॅपिंगची (जुना प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगीची टोपी, काढायची) दांडी सैल करून वर घ्या, प्रायमरच्या भोकातून ड्रिल मारा, १/४-२० चा टॅप फिरवा, वर वॉशर आणि पोकळ टोपी ठेवून बोल्ट आवळत जा. केस बाहेर येते, डाय वाचते.

नवशिकी_टेक्सास
कार्बाइड डाय घेतली तर तेल नको ना?

ओहायोकर
ताई, ते सरळ भिंतीच्या पिस्तुलाच्या केसेसना. रायफलची केस मानेची, खांद्याची. कार्बाइड असली तरी तेल लागतंच.

मिनेसोटा_काका
केसची लांबी मोजा. .३०८ विन्चेस्टर या काडतुसाची कमाल २.०१५ इंच, कापायची २.००५ ला. .२२३ ची १.७६० आणि १.७५०. मोजायची साइझ केल्यानंतर (डायमधून काढल्यावर), आधी नाही, कारण साइझ करताना पितळ पुढे सरकतं. लांब राहिली तर मान चेंबरच्या (नळीतली काडतूस बसायची जागा) टोकाला दाबली जाते, गोळी सुटत नाही आणि दाब चढतो.
याहून महत्त्वाचं, डाय किती खाली बसवली आहे. "शेलहोल्डरला टेकवा आणि वर पाव फेरा" हा सल्ला प्रत्येक रायफलला लागू नाही. खांदा दरवेळी गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला की झाडताना केस ताणते आणि बुडाच्या जरा वर भिंत पातळ होते. बोल्ट रायफलला (मागचा दट्ट्या, म्हणजे बोल्ट, हाताने ओढायची) ०.००२ इंच मागे पुरे, सेमीऑटोला (पुढचं काडतूस आपोआप घेणारीला) ०.००३ ते ०.००४. कंपॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायचं साधन) घ्या, अंदाजाने होत नाही.
पेपरक्लिप सरळ करून टोक जरासं वाकवा, आत घालून बुडापासून वर ओढा. खाचेत अडकली तर केस गेली. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसतं. एका केसला सापडलं तर त्या अख्ख्या लॉटला तपासा.

ग्रेनमोजे
काटा!! डिजिटल काट्यावर gn, g, ct अशी तीन एककं असतात (त्याच रोमन अक्षरांत छापलेली, इथे देवनागरीत ग्रेन, ग्रॅम, कॅरट समजा). बटण चुकून दाबलं जातं. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन.
एकक चुकलं तर पावडर सांडते तरी, लक्षात येतं. खरा घात काटा सरकण्याचा. एसीचा झोत, ट्यूबलाइट, शेजारी ठेवलेला मोबाइल, यांनी आकडा अर्धा ग्रेन हलतो आणि कमाल भरणाच्या (एका केसमधल्या पावडरीच्या वजनाच्या) जवळ असाल तर अर्धा ग्रेन खूप. वीस मिनिटं तापू द्या, दर दहा काडतुसांनंतर चेक-वेट (ठरावीक वजनाचा तुकडा) ठेवा. मोजण्याचं वजन भरणाच्या जवळपासचं हवं, ५० ग्रॅमचं ठोकळ वजन ठेवून काही कळत नाही.

सिएटलची_मावशी
मोबाइल बाजूला ठेवा हे शंभरदा. मी पण इथे पोळ्या लाटता लाटता लिहितेय, पण भरताना नाही.
एका वेळी बाकावर एकच डबा. एच४३५० आणि आयएमआर४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एच४८९५ आणि आयएमआर४८९५ चं तेच. आकडा सारखा म्हणून एकाचा तक्ता दुसऱ्याला लावायचा नाही. हॉपर (पावडर ओतायचं नळकांडं) त्याच दिवशी रिकामा करून पावडर मूळ डब्यात. दुसऱ्या दिवशी हॉपरमध्ये काय आहे हे आठवत नसेल तर ती पावडर वापरायची नाही, विषय संपला. रात्रभर ठेवली तर हॉपरचं प्लास्टिकही पिवळं पडतं.

मिनेसोटा_काका
@मावशी बरोबर. भरणा सुरुवातीला कमालपेक्षा १० टक्के खाली, मग थोडा थोडा वर. बोल्ट उचलायला जड लागला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला की थांबा. नुसत्या चपट्या प्रायमरवरून निर्णय घेऊ नका, मऊ प्रायमर कमी दाबालाही चपटतात. लष्करी ७.६२ चं पितळ जाड असतं, आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच पावडरीला दाब जास्त.

गॅरेजवाला
दुहेरी भरण्याबद्दल (एकाच केसमध्ये दोनदा पावडर) कुणी लिहा ना

ग्रेनमोजे
.३०८ मध्ये ४८९५ सारख्या पावडरीने केस जवळजवळ भरते, दुहेरी भरण सांडतं. पण शिशाच्या ओतीव गोळीसाठी वेगवान पावडरीचं हलकं भरण केलं तर दोन काय, तीनही मावतात. म्हणून सगळ्या केसेस ठोकळ्यात उभ्या करून टॉर्च मारून पातळी बघायची, मगच पहिली गोळी बसवायची. रिकामी राहिलेली केसही तेव्हाच सापडते. रिकाम्या केसचा प्रायमर एकटा गोळीला नळीत ढकलू शकतो. "फुस्स" झालं, धक्का लागला नाही, तर पुढची गोळी झाडायची नाही. बंदूक रिकामी करा, नळीतून दांडा घालून बघा.

नवशिकी_टेक्सास
पितळ धुवायला पीतांबरी चालेल का? घरात आहे म्हणून 😊

सिएटलची_मावशी
अगं नको, आत पीतांबरीची पूड अडकली तर काढणार कशी. लिंबूसत्त्व चिमूटभर, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, स्टीलच्या पिनांबरोबर फिरव. धुतल्यावर प्रत्येक केस उलटी करून ठोक, पिना मानेत दोन-दोन अडकून बसतात. मक्याच्या भुश्यात घासणार असशील तर प्रायमरच्या भोकात दाणा राहतो, तो बघ.
आणि अमोनिया असलेलं पॉलिश अजिबात नको. ब्रिटिशांच्या काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या केसेस आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ताणलेलं पितळ. त्याचं कारण १९२१ मध्ये उलगडलं.

पुणेकर_डेन्व्हर
पितळावरून, खडकीच्या फॅक्टरीचं .३०३ इथे ली-एनफील्ड रायफलवाल्यांकडे दिसतं, बुडावर 'के एफ'. त्याचं प्रायमिंग बर्डन. मधे एक भोक नाही, बाजूला दोन बारीक. डायची पिन घातली की पिन तुटते. टॉर्चने आत बघून वेगळी काढा. प्रायमरमधला क्षार नळी गंजवतो, त्याच दिवशी पाण्याने धुऊन मग तेल.

ओहायोकर
खडकीचं नाव वाचून बरं वाटलं 🙏 लष्करी पितळात प्रायमर क्रिम्पही (प्रायमर दाबून धरणारी कड) असतो. तो स्वेजने (दाबून) किंवा रीमरने (कापून) काढल्याशिवाय नवा प्रायमर कोंबू नका, चेपतो. गरँड रायफलला तर प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच आत हवाच. तिची फायरिंग पिन मोकळी असते, वर आलेल्या प्रायमरवर आदळली की बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आधी उडू शकते. बोट फिरवलं तरी वर आलेला कळतो.

मिनेसोटा_काका
.३०० ब्लॅकआउट आणि .२२३ दोन्ही भरणाऱ्यांनी डबे, मॅगझिनं, रंग सगळं वेगळं ठेवा. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये बसू शकतं. बंदूक फुटते.

सिएटलची_मावशी
टंबलरची (केसेस घासायच्या यंत्राची) धूळ म्हणजे शिसं. घराबाहेर चाळा, मुलं जवळ नकोत, हात गार पाण्याने साबण लावून. चिवड्याची वाटी बाकावर ठेवायची नाही. प्रायमर मूळ पेटीतच, बरणीत ओतायचे नाहीत, एक उडाला की सगळे उडतात.

पुणेकर_डेन्व्हर
साठ्याचं, अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे घरात मूळ डब्यांत २० पाउंड पावडर, प्रायमर १०,००० पर्यंत. शहराचा नियम कडक असेल तर तो पाळा, अपार्टमेंटवाल्यांनी आधी विचारा.

नवशिकी_टेक्सास
चुकलेलं काडतूस उघडायला हातोडीवाला पुलर (आपटून गोळी काढणारा) घेऊ की कोलेट (गोळी पकडीत धरून ओढणारा)?

ओहायोकर
दहा-बारा असतील तर हातोडीवाला चालतो, पण त्याचीच कोलेट (केस धरणारी पकड) लावा, त्यात शेलहोल्डर अडकवू नका. चष्मा घाला. निघालेली पावडर कुठली हे नक्की माहीत असेल तरच परत डब्यात.