ॲनास्टोमोसिस म्हणायचं की सरळ 'आतड्याचा जोड'?

धागाकर्ता:
बाबांच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला, डिस्चार्ज कार्डावर 'इलिओट्रान्सव्हर्स ॲनास्टोमोसिस, साइड टू साइड' आणि घरात सगळे हादरलो, कारण सिरोसिस, ट्युबरक्युलोसिस असतं तसा हा पण नवीनच आजार निघाला असं वाटलं. दोन दिवसांनी कळलं, रोगट भाग काढून लहान आतडं मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाला जोडलंय, इतकंच. मग तसंच लिहा की. पेशंटच्या हातातल्या कागदावर तरी 'जोड' हवा.

सर्जरी_शिकतोय:
नाही पटलं. नुसतं 'जोड' म्हटलं तर टोकाला टोक की बाजूला बाजू, काय समजायचं? साइड टू साइडमध्ये दोन्ही भाग शेजारी ठेवून भिंतींना तोंडं पाडून जोडतात, उद्या दुसऱ्या डॉक्टरने दुर्बीण घातली तर त्याला हे माहीत असायलाच हवं. आणि ॲनास्टोमोसिसमधला 'स्टोमा' म्हणजे ग्रीकमध्ये तोंड, शब्दातच अर्थ आहे.

रात्रपाळी_सिस्टर:
अहो त्या तोंडामुळेच घोळ होतो. कोलोस्टॉमी म्हणजे आतड्याचं तोंड पोटाच्या कातडीवर काढतात, पिशवी लागते. गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमीत जठर आणि लहान आतडं आतल्या आत जोडतात, पिशवीचा संबंधच नाही. एक आजी नुसतं 'स्टॉमी' ऐकून रात्रभर चादरीखाली पोट चाचपत होत्या, पिशवी कुठे लावली म्हणून.

सर्जरी_शिकतोय:
ते समजावून सांगायला हवं होतं, मान्य. पण 'जोड' ऐकून लोक निर्धास्त होतात त्याचं काय? हा नळाचा जोड नाही, दोन्ही टोकांना रक्त पोचलं पाहिजे, ताण नको. फ्रेंच सर्जन लेम्बर्टने १८२६ मध्ये आतड्याचे बाहेरचे थर एकमेकांना भिडवणारा टाका दाखवला, अमेरिकन सर्जन हॅल्स्टेडने १८८७ मध्ये सांगितलं की टाका धरतो तो सबम्युकोसा, म्हणजे आतल्या अस्तराखालचा थर, आता पिना मारून जोडणारे स्टेपलर आले, तरी लीक होतातच.

धागाकर्ता:
मग हेच मराठीत सांगा ना! 'ॲनास्टोमोटिक लीक' वर आम्ही नुसत्या माना डोलावल्या. 'जोड गळू शकतो, ताप आला, पोट फुगलं, दुखणं वाढलं तर लगेच या' असं म्हटलं असतं तर पाचव्या दिवशी बाबांचं अंग गरम लागलं तेव्हा सकाळपर्यंत थांबलो नसतो.

सर्जरी_शिकतोय:
हे वाचून वाईट वाटलं. ठीक आहे, दोन ओळी लिहा, वर आमचा शब्द, खाली तुमचा. पण खालच्या ओळीतही कुठला भाग कुठल्या भागाला आणि कसा जोडला ते हवं, नुसत्या 'जोड'ला माझा विरोधच राहील.