मदत हवी आहे: बियाणे भरपाईचा ‘कायदा’ खरंच लागू आहे का? आणि विधेयक वाचायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, सगळं इथंच. त्यामुळे सरकारी शिक्का असलेला कोणताही कागद मला कळलाच पाहिजे असं गावाने धरून ठेवलं आहे. परवापर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

यंदा गावात वीस-बावीस जणांचं सोयाबीन उगवलंच नाही. सगळ्यांचं वाण एक, लॉट नंबर एक. पाऊस वेळेवर होता, पेरणी खोल गेली म्हणावं तर धुऱ्यापलीकडे त्याच तिफणीने पेरलेलं दुसऱ्या वाणाचं सोयाबीन हिरवंगार उभं आहे. आमच्या वावरात मात्र चार पावलं चालावं तेव्हा एक रोप. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. तक्रार दिली, पंचनामा झाला, आणि बहुतेकांनी उसनंपासनं करून दुबार पेरणी केली.

मग गावच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. वर कोणीतरी लिहिलेलं: “बोगस बियाण्यांची भरपाई मिळणार, सरकारने केला कायदा, सर्व शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवा.” संध्याकाळपर्यंत केंद्रासमोर आठ जण उभे. “ताई, याचा फॉर्म भर.” सरपंचबाई म्हणाल्या, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा कायदा लागू करण्याचा ठराव घेऊ, तू मजकूर लिहून दे.

मी दोन रात्री ते वाचलं. वर ‘सन २०२३ चे विधानसभा विधेयक’ असं आहे. भेसळयुक्त, अप्रमाणित किंवा चुकीच्या ब्रँडची बियाणे, खते, कीटकनाशके यांच्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई, असा त्याचा विषय. पण आत दर दोन ओळींनी ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’. विहित कोण करणार, कधी? एका ठिकाणी ‘खंड’ लिहिलंय, एका ठिकाणी ‘कलम’. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ आहे, ते वाचून तर डोळ्यांत पाणी येईल इतकं आमच्याच मनातलं लिहिलंय. म्हणूनच शंका येते.

आता घरचीच अडचण सांगते. माझे चुलत सासरे कृषी केंद्र चालवतात. त्यांनी ती पीडीएफ पाहिली आणि चहा तसाच ठेवून उठले. म्हणाले, “हे झालं तर मी उद्यापासून उधारी बंद करतो. शीलबंद थैली विकून मी जेलात जाऊ काय?” गावातलं निम्मं बियाणं त्यांच्या उधारीवर पेरलं जातं. कापूस विकला, सोयाबीन विकलं की मग पैसे. म्हणजे जो कायदा आमच्यासाठी आहे म्हणतात, त्याने पेरणीच अडली तर?

तर मला एवढंच कळून घ्यायचं आहे. हे विधेयक आज लागू आहे का? नसेल तर ठरावात काय मागायचं? आणि यापुढे असा कागद आला तर माझ्यासारखीने तो कुठून वाचायला सुरुवात करावी? वकिलाला विचारा असं सांगू नका, तालुक्याचे वकीलसाहेब म्हणाले “बघून सांगतो”, त्याला आज बारा दिवस झाले.

— दारव्ह्याची सेतूताई

*

धुऱ्यावरचा लिहितात:

ताई, कायदा-बियदा मागून पाहू. पंचनाम्याची प्रत हातात घेतली का? पक्कं बिल, थैली, थैलीवरचं लेबल-टॅग आणि जमलं तर मूठभर उरलेलं बियाणं प्रत्येकाने जपून ठेवलं का? आमच्या इकडे निम्म्या लोकांनी थैल्या धुऊन त्यात गहू भरला होता.

*

माजी कक्ष अधिकारी, नागपूर लिहितात:

सेतूताई, तुमची शंका बरोबर आहे. ते विधेयक लागू नाही, कधीच झालं नव्हतं.

२०२३ च्या पावसाळी अधिवेशनात बियाणे-खते-कीटकनाशकांवर पाच विधेयकं मांडली गेली. तुमच्या पीडीएफमधलं त्यातलं एक. ती दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेली, आणि मंजुरीपर्यंत आलीच नाहीत. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये ती विधानसभाच संपली. घटनेच्या अनुच्छेद १९६ प्रमाणे विधानसभेत प्रलंबित असलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत होतं. व्यपगत म्हणजे मेलं. नव्या विधानसभेला ते हवं असेल तर नव्या क्रमांकाने पुन्हा मांडावं लागतं. म्हणून ‘हा कायदा लागू करावा’ असा ठराव करू नका. तो पंचायत समितीच्या टपालात जाईल आणि तिथेच झोपेल.

मी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांत बरीच वर्षं कागद वाहिले आहेत, त्यामुळे वाचण्याबद्दल सांगतो. ‘उद्देश व कारणे’ सगळ्यात शेवटी वाचा. ती लग्नपत्रिका असते, नवरदेवावरचं कर्ज त्यात कोणी छापत नाही. आधी वित्तीय ज्ञापन, म्हणजे कायद्याला किती खर्च येईल ते सांगणारी टीप, बघा. भरपाई ठरवायला समिती, शेतावर जाऊन पाहणी, नमुने तपासायला प्रयोगशाळा, हे सगळं करायचं म्हणतात आणि वित्तीय ज्ञापनात राज्याच्या एकत्रित निधीतून जादा खर्च येणार नाही असं असेल, तर समजा की हे काम त्याच सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा कृषी सहायक) डोक्यावर पडणार आहे ज्याच्याकडे आधीच अनेक गावं आहेत. मग ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ बघा. कोणकोणते खंड सरकारच्या नियमांवर सोडले आहेत, ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. तुमचं ‘विहित’ म्हणजे तेच. नियम निघाले नाहीत तर कायदा असूनही फॉर्म नसतो.

खंड आणि कलम यांत गोंधळू नका. विधेयकात असतो तो खंड, तोच अधिनियम, म्हणजे मंजूर कायदा, झाल्यावर कलम. जुन्या अधिनियमात दुरुस्ती असेल तर मूळ अधिनियमातले उतारे शेवटी जोडलेले असतात. एका हातात तो उतारा, दुसऱ्या हातात खंड, असं धरून वाचल्याशिवाय ‘या मजकुराऐवजी हा मजकूर’ याचा अर्थ लागत नाही.

त्यानंतर मुख्य खंड, आणि तिथे डोळे उघडे ठेवा. तक्रार किती दिवसांत द्यायची? नुकसान कशावरून मोजणार, बियाण्याच्या किमतीवरून की गेलेल्या पिकावरून? आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट: कंपनी अपिलात गेली तर रक्कम आधी भरायची की नाही? हे नसेल तर बाकी सगळं असून काही हाती लागत नाही. कापसाचंच बघा. आपल्याकडे कापूस बियाण्यांचा २००९ चा अधिनियम आहे, त्यात भरपाईची तरतूद आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली तेव्हा लोकांनी त्याच कायद्याखाली ‘जी’ नमुन्याचे अर्ज भरले, रांगा लावून. मीही माझ्या भावाचा भरला होता. शासनाची मदत आली, कंपनीकडून अजून छदाम नाही.

आणखी एक. दोन्ही सभागृहांत मंजूर झालं म्हणजे कायदा झाला असंही समजू नका. बियाण्यांचा १९६६ चा अधिनियम, कीटकनाशकांचा १९६८ चा, जीवनावश्यक वस्तूंचा १९५५ चा, हे तिन्ही केंद्राचे. त्यांत राज्याने स्वतःपुरती विसंगत दुरुस्ती केली तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिलांवरील अत्याचारांबाबतचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं, ते संमतीअभावी अडलं ते अडलंच.

*

शटर अर्धं लिहितात:

ताई, मी दुकानदार हावो. तुमच्या सासऱ्याचं खरं हाये. २०२३ च्या त्या पाचांत एक असं होतं का आमाले एमपीडीएमंदी, म्हंजे गुंडाईले खटल्याआधीच डांबाच्या कायद्यात, टाकाचं. १९८१ चा कायदा, हातभट्टीवाले अन् झोपडपट्टीगुंड ज्यात येते त्यात बियाणेवाले! म्हणूनच २ ते ४ नोव्हेंबरले राज्यभर दुकानं बंद होते. शीलबंद थैली कंपनीची, आतमंदी काय हाये हे मले कसं समजन?

पण एक गोष्ट कबूल करतो. आमच्यातलेच काई जण पक्कं बिल देत नाई, लॉट नंबर लिहीत नाई, अन् मग शेतकरी तक्रार घेऊन गेला का कागदच नसते. त्याची शिक्षा झाली तर आमाले काई म्हणणं नाई. ठराव लिहसान तर थैली उघडल्याचा गुन्हा येगळा अन् शीलबंद विकल्याचा येगळा, एवढं लिहा बापा.

*

कास्तकाराची पोर लिहिते:

सोयाबीनसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता आजही उघडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहक आहे असं स्पष्ट म्हटलंय. बियाणं सगळं पेरून टाकलं, नमुना उरला नाही, एवढ्याच कारणाने तक्रार उडवता येत नाही हेही त्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मुदत दोन वर्षं. सोयाबीनची किमान उगवणक्षमता ७० टक्के असायला हवी, तेव्हा पंचनाम्यात टक्केवारी आकड्यात लिहिली आहे का ते बघा. ‘उगवण कमी’ एवढंच लिहिलं असेल तर आजच दुरुस्त करून घ्या.

*

सेतूताई (मूळ धागाकर्ती):

सगळ्यांचे आभार. काल रात्री पंचनाम्याच्या प्रती गोळा केल्या. बावीसपैकी नऊ जणांच्या पंचनाम्यात आकडा आहे, बाकीच्यांत ‘उगवण समाधानकारक नाही’. पक्की बिलं चौदा. थैल्या अकरा, त्यातल्या दोनांत खरंच गहू निघाला, धुऱ्यावरचे भाऊ हसू नका.

ठरावाचा मजकूर असा केला आहे: सोयाबीन, तूर व इतर पिकांच्या बियाण्यांसाठी नवीन विधेयक मांडावं; त्यात तक्रारीची मुदत उगवणीच्या दिवसांपासून मोजावी; नुकसान गेलेल्या पिकावरून धरावं; अपील करण्याआधी कंपनीने ठरलेली रक्कम जमा करावी; शीलबंद थैली जशीच्या तशी, पक्क्या बिलाने विकणाऱ्याला वेगळं धरावं. हे शेवटचं वाक्य मी घातलं म्हणून सासऱ्यांनी आज चहा पूर्ण प्यायला. पण आमच्या मोठ्या दिरांना ते पटलेलं नाही, ते म्हणतात दुकानदाराला मोकळं सोडलं तर कंपनी पुण्या-मुंबईत बसलेली, आम्ही कोणाची गचांडी धरायची? त्यांचंही चूक म्हणवत नाही.

कक्ष अधिकारी काका, एक विचारायचं राहिलं. हा ठराव नुसता आमदारांना द्यायचा की विधानमंडळाकडे थेट जातो?

*

माजी कक्ष अधिकारी, नागपूर लिहितात:

ग्रामसभेच्या ठरावाने कोणी बांधलं जात नाही, हे आधी गावाला सांगा. पण आमदारांच्या मार्फत तो विनंती अर्ज समितीपुढे जाऊ शकतो, आणि आमदारांची तयारी असेल तर त्यावरून अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं, विधेयकही मांडता येतं. अशी विधेयकं मंजूर होणं फार दुर्मीळ, पण चर्चेला आलं तर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. ठरावासोबत बावीस जणांचे लॉट नंबर आणि पंचनामे जोडा.

सरकारने नवं विधेयक आणलंच तर समितीच्या हरकतींच्या जाहिरातीवर नजर ठेवा. राज्याच्या जनसुरक्षा विधेयकावर (कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं) बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या होत्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं तेव्हा काही शब्द बदललेले होते. मुदत संपल्यावर पाठवलेलं कोणी उघडत नाही. केंद्राच्या बियाणे विधेयकाच्या मसुद्यावर ११ डिसेंबर २०२५ पर्यंत हरकती मागवल्या होत्या. तुमच्या गावात कोणाला कळलं होतं?

मोठ्या दिरांसाठी: कंपनीने राज्यात विक्री करताना ठेव ठेवावी आणि भरपाई त्यातून आधी द्यावी, अशी ओळ ठरावात घालून बघा. आमच्या काळात एका टिपणीत ती घातली होती, वरून आली तेव्हा लाल शाईने खोडलेली होती.

*

सेतूताई:

घातली. दिरांनी स्वतः येऊन सही केली. बाकीच्या तेरा पंचनाम्यांसाठी उद्या तालुका कृषी कार्यालयात जातोय, जीप ठरवली आहे.