'लिटिल अमेली' मुलांचा सिनेमा नाही म्हणे!

कोकमसरबत: परवा इथे कुणीतरी लिहिलं की 'लिटिल अमेली' या ॲनिमेशनपटाला फॅमिली फिल्म म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे, एवढ्याशा पोरीच्या गोष्टीत मरण, युद्ध, बुडणं कशाला, आमची मुलगी रडली. अहो रडू दे की! साठचं दशक संपता संपताचं जपान, बेल्जियन डिप्लोमॅटची पोर, अडीच वर्षं बोलत नाही हलत नाही, आणि आजी पांढरं चॉकलेट भरवते तेव्हा जगच उघडतं तिला. रंग बघा, बाह्यरेषा नाहीतच जवळजवळ. तीच आजी पुढे वारते. मुलांना मरण कळतं, आपणच लपवतो. अ‍ॅनसीच्या (फ्रान्स) ॲनिमेशन महोत्सवात २०२५ मध्ये प्रेक्षकांचं बक्षीस उगाच नाही मिळालं.

दोन_पोरांची_आई: रडू दे म्हणणं सोपं असतं. आमच्याकडे आजोबा नुकतेच गेलेत. अमेली तळ्यात पडते तिथे माझा चार वर्षांचा मुलगा मांडीवर चढून बसला, रात्री आंघोळीला नाही म्हणाला. बक्षीस मोठ्यांनी दिलंय, चार वर्षांच्यांनी नाही.

रास्तापेठ: मला राग वेगळाच आहे. निशिओ-सान. पोर सांभाळणारी बाई किती प्रेमळ हो, सगळे गहिवरतात. माझी आई लोकांची पोरं सांभाळायची. एक मुलगा तिला आईच म्हणायचा, तिच्या हातचाच वरणभात खायचा. त्याच्या मुंजीला बोलावलं आणि पंगतीत न बसवता स्वयंपाकघरात ताट दिलं. त्या दिवशी नेसलेली साडी तिने परत कधी नेसली नाही. या प्रेमाच्या गोष्टी नेहमी सांभाळलेलं पोरच का सांगतं?

कोकमसरबत: तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं, पण सिनेमावर अन्याय करताय. निशिओ-सानला तिचं दुःख दिलंय की, स्वयंपाक करता करता ती युद्धात काय गमावलं ते सांगते. १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यांत कोबे शहर जळालं ते या एका प्रसंगात कळतं.

रास्तापेठ: सांगते कुणाला? तीन वर्षांच्या पोरीला! कारण त्या घरात मोठं कुणी विचारतच नाही. हे तुम्हाला खटकलं नाही?

निशिकासाई: आणि घरमालकीण काशिमा-सानला खडूस म्हणून मोकळे होऊ नका. युद्धात घरचे गेलेले, आता परदेशी लोक तिच्याच घरात. मी टोक्योत राहते, मुलगी होइकुएनला, म्हणजे तिथल्या पाळणाघराला, जाते. तिथल्या बाई रोज वहीत लिहितात, ताप किती, किती खाल्लं, कधी झोपली. मुलगी घरी आली की 'तादाइमा' म्हणते, जपानीत 'मी आले', आणि माझी आई फोनवर गप्प होते. परत गेलो की ही वही, या बाई सुटणार. त्यामुळे मला हा सिनेमा बघवला नाही, पण तो खरा आहे.

पुरावा_द्या: खरा कसला? ज्या आत्मचरित्रात्मक कादंबरीवर सिनेमा आहे तिची लेखिका आमेली नोतोंब म्हणते कोबेला जन्मले, कागदोपत्री जन्म १९६६, ब्रुसेल्समधलं एतरबेक. अडीच वर्षांच्या आठवणी कुणाला असतात?

निशिकासाई: जन्मदाखला बघायला गेला होतात का थिएटरात?

रास्तापेठ: मुद्दा भरकटवू नका. पोर सांभाळणाऱ्या बाईंबद्दल बोलत होतो.

कोकमसरबत: बरं. मोठं कुणी विचारत नाही हे मान्य. पण सिनेमा ते दाखवतो म्हणूनच तुम्हाला दिसलं ना?

रास्तापेठ: मला आईमुळे दिसलं. सिनेमाने तेवढं झाकलं नाही, इतकंच श्रेय देईन.

दोन_पोरांची_आई: तुमचं चालू द्या. मोठीला दाखवेन, ती आठ वर्षांची आहे, तिला आजोबांबद्दल बोलायचंच आहे. धाकट्याला नाही म्हणजे नाही, आणि तिकीट काढतानाच कुणीतरी हे सांगायला हवं होतं, यावर मी ठाम आहे.