महोत्सवाला जाणाऱ्या ॲनिमेशनच्या पोरांनी मास्टरक्लास सोडावेत का?

ऑनटूज (धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर)

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची ॲनिमेशन शिकणारी पोरं मुंबईला मिफला (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) किंवा अहमदाबादला एनआयडी या डिझाइन संस्थेच्या 'चित्रकथा' महोत्सवाला जातात आणि येताना काय आणतात? गळ्यातला पास, कापडी पिशवी आणि कुणा पाहुण्यासोबतचा फोटो. अर्धा वेळ मास्टरक्लासच्या रांगेत जातो आणि फिल्म बघायच्या राहतात. मिफ दोन वर्षांतून एकदा असतो, म्हणजे दोन-तीन वर्षांच्या कोर्समध्ये संधी एकदाच. म्हणून माझं म्हणणं: मास्टरक्लास सोडा, विद्यार्थी-फिल्म्सचे सगळे खेळ बघा.

नामांकित माणसाचं व्याख्यान पुढेमागे यूट्यूबवर सापडतं. शॉर्टफिल्म सापडत नाही. ती महोत्सवांच्या फेरीत असते तोवर करणारे ती नेटवर टाकत नाहीत, कारण आधीच ऑनलाइन आलेली फिल्म काही महोत्सवांना चालत नाही.

विद्यार्थी-फिल्मच का, तर तिथे सांधे दिसतात. मोठ्या स्टुडिओच्या कामात सगळं घासूनपुसून आलेलं असतं. एकट्याने केलेल्या फिल्ममध्ये वेळ कुठे संपत आला ते बरोबर कळतं: पात्रं पाठमोरी व्हायला लागतात, हात खिशात जातात, कॅमेरा लांब जातो आणि अचानक पाऊस पडून सगळं धूसर होतं.

वही न्यायची. दर फिल्मला एक पान, अक्षर मोठं, फोनचा उजेड नाही. तीनच गोष्टी लिहायच्या: पात्राला काय हवंय हे किती सेकंदांत कळलं, आपलं लक्ष कोणत्या कटला उडालं, आणि शेवट चित्राने झाला की आवाजाने. चौथी ओळ लिहायला घेतली की पुढच्या फिल्मची सुरुवात हुकते. एका खेळात आठ-दहा फिल्म असतात. रात्री मुक्कामी पोचल्यावर लगेच पानं नीट करायची, नाहीतर सकाळी आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही.

कच्चा_आराखडा

पूर्ण असहमत. मास्टरक्लासला टिपा गोळा करायला जायचंच नसतं. तिथे टाकून दिलेलं काम दिसतं. पडद्यावरची फिल्म चार मिनिटांची असते आणि तिचा पहिला ॲनिमॅटिक (कच्ची चित्रं वेळेत बसवून केलेला व्हिडिओ) सात मिनिटांचा. ती तीन मिनिटं कुठून गेली, हे पूर्ण फिल्म दहादा बघून कळणार नाही. बाद झालेला स्टोरीबोर्ड (शॉटवार कच्ची चित्रं), पेन्सिल टेस्ट (पेन्सिलचित्रं हलवून घेतलेली चाचणी), रंगांचे फसलेले प्रयत्न लोक सभागृहात दाखवतात, कारण तिथे बऱ्याचदा रेकॉर्डिंगला बंदी असते. म्हणजे तुमचा यूट्यूबचा मुद्दा नेमका इथेच पडतो.

पोरांचं चुकतं ते प्रश्न विचारताना. "सर, सॉफ्टवेअर कोणतं वापरलं?" हा प्रश्न दर वेळी येतो आणि त्याचं उत्तर पोस्टरवरही असतं. विचारायचं असं: "स्वयंपाकघरातला शॉट किती वेळा बदलला? पहिल्यांदा कॅमेरा कुठे होता?" शॉटचं नाव घेऊन विचारलं की बोलणारा माणूस खुलतो, लॅपटॉपमधलं जुनं फोल्डर उघडतो. त्यासाठी फिल्म आधी बघितलेली पाहिजे, एवढं मात्र तुमचं मान्य.

सातमाळा

दोघेही मुंबईचं तिकीट काढूनच बोलताय. देवगिरी एक्सप्रेसचं स्लीपर स्वस्त आहे, पण तीन-चार रात्रींचं राहणं आणि दोन वेळचं जेवण धरलं तर त्या पैशात लहान पेनटॅब (कॉम्प्युटरवर चित्र काढायची पाटी) येतो. आणि ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. लॅटव्हियाची 'फ्लो' याच ब्लेंडरवर झाली आणि २०२५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं.

मांडणी शिकायची असेल तर संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. लेणं क्रमांक १७ मध्ये जातककथा भिंतभर पसरल्यात. दोन प्रसंगांमध्ये चौकट नाही. खांब, दार, झाड किंवा खडक मध्ये येतो आणि प्रसंग बदलतो. एकच पात्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतं, आणि बघ्याची नजर पुढे सरकते ती पात्रांच्या माना नि डोळे ज्या दिशेला वळलेत त्या दिशेने. हेच स्टेजिंग, म्हणजे नजर कुठे न्यायची त्याची मांडणी. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाने १९५० च्या दशकात हरणाच्या जातककथेवर फिल्म केली, तेव्हा शैली अजिंठ्याच्या चित्रांवरूनच घेतली होती.

जाताना सोमवार टाळा, लेणी बंद असतात. फर्दापूर टी-पॉइंटवरून पुढे शटल बस. सकाळी पहिल्या बसने गेलात तर एक नंबरला न रेंगाळता आधी १७ गाठा, सहली नंतर येतात. आत उजेड कमी आणि फ्लॅश चालत नाही, तेव्हा मऊ पेन्सिल आणि वहीखाली पुठ्ठा. डोळे अंधाराला सरावायला पाचेक मिनिटं लागतात, तोवर काढायला घेऊ नका.

(अवांतर: पैठण शैलीची चित्रकथी चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगायची. स्टोरीबोर्ड म्हणजे आणखी काय असतं?)

ऑनटूज

सातमाळा, अजिंठ्याबद्दल वाद नाही, पण भिंतीवर वेळ नसते. हत्ती सोंड उचलतोय हे दिसतं, ती किती फ्रेममध्ये (म्हणजे किती चित्रांत) उचलायची ते दिसत नाही. पोरांचं काम पडतं ते बरोबर तिथेच. पोझ छान असतात आणि दोन पोझच्या मधली चित्रं सारख्या अंतरावर असतात, म्हणून पात्र पाण्यात चालल्यासारखं तरंगतं. थांबण्याआधी अंतर कमी होत जायला हवं, सुटताना वाढत जायला हवं. हे हलत्या चित्रातच समजतं.

ध्वनीमिश्र

यूट्यूब, अजिंठा, मास्टरक्लास हे सगळं ठीक, पण कशामुळे थिएटरलाच जावं लागतं ते कुणी लिहीत नाही: मोठा पडदा आणि थिएटरचे स्पीकर. घरी न दिसणाऱ्या चुका तिथे उघड्या पडतात.

पहिली, पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा सरकतो तो शॉट. पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकतेय, म्हणजे ऑन वन्स, सेकंदाला २४ चित्रं. पात्राची चाल ऑन टूज, सेकंदाला १२. आता एका चित्रावर दोन फ्रेम पाय थांबलेला असतो, पण जमीन मात्र सरकलेली असते. पाय घसरतो आणि पात्र थरथरतं. लॅपटॉपच्या पडद्यावर ते बोटभरही नसतं. थिएटरच्या पडद्यावर तीच थरथर हातभर होते आणि प्रेक्षकाला नक्की काय खटकतंय ते कळत नाही, फक्त खटकतं. उपाय: पॅन असलेल्या शॉटमध्ये चाल ऑन वन्स करा, किंवा पॅनही टूजवर घ्या. पॅनचा वेग फार ठेवू नका. एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सातेक सेकंद घेत असेल तर डोळ्याला झटके बसत नाहीत.

दुसरी, आवाज. लॅपटॉपच्या स्पीकरला खालचे सूर जवळजवळ नसतातच. त्यामुळे पावलांचा, दार आपटण्याचा दणका कमी वाटतो आणि पोरं तो वाढवत नेतात. थिएटरमध्ये तोच दणका संवाद खाऊन टाकतो. शिवाय मिक्स नुसता स्टिरिओ असेल तर मधल्या स्पीकरला काहीच जात नाही. डाव्या कडेला बसलेल्याला पडद्याच्या मध्यावर उभी आजी डाव्या भिंतीतून बोलताना ऐकू येते. म्हणून महोत्सवात एक खेळ मधल्या खुर्चीवरून बघा आणि एक मुद्दाम कडेच्या. ५.१ मिक्स (मधल्या स्पीकरलाही वेगळा आवाज देणारा) कशाला करतात ते विचारावं लागत नाही.

तिसरी, काळोख. खोलीतल्या दिव्यात ब्राइटनेस पूर्ण ठेवून रंगवलेली रात्र पडद्यावर काळाभोर गोळा होते. पात्राच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ दिली असती तरी भागलं असतं.

आणि फ्रेमरेट. फिल्म २५ वर केली आणि डीसीपी (थिएटरला द्यायची फाइल) २४ वर काढली, तर प्रत्येक सेकंदाला थोडी मंदावते: दहा मिनिटांची दहा मिनिटं पंचवीस सेकंद होते आणि आवाजही त्याच प्रमाणात ताणावा लागतो. चित्र बदललं आणि आवाज जुनाच राहिला तर शेवटाकडे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. पहिल्या दिवशी फाइल उघडतानाच २४ निवडायचं, बास.

कच्चा_आराखडा

पॅनच्या मुद्द्याला +१. हे पाठ्यक्रमात का नसतं देव जाणे.

रीलवाला

सगळे कलेवर बोलताय, पोटावर कुणीच नाही. इकडच्या लेकरांना महोत्सवात जे मिळतं ते संभाजीनगरात बसून मिळत नाही: काम देणारी माणसं समोरासमोर. फिल्म बघत अंधारात बसलात तर ती बाहेरच्या चहाच्या टेबलावरून निघून जातात.

रील (आपल्या निवडक कामाचा व्हिडिओ) साठ ते नव्वद सेकंद. पंचेचाळीस सेकंद चांगलं काम असेल तर पंचेचाळीसच. सगळ्यात भारी शॉट पहिला, कारण बघणारा पंधराव्या सेकंदाला मत बनवून मोकळा होतो. नाव आणि फोन सुरुवातीला आणि शेवटी. ॲनिमेटर म्हणून काम हवं असेल तर खुर्ची, बंदूक, गाडी गोल फिरवून दाखवू नका. ते मॉडेलिंगवाल्याचं काम. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर शॉटखाली लिहा: "फक्त ॲनिमेशन माझं, रिग मित्राची." (रिग म्हणजे पात्र हलवायचा आतला सांगाडा.) नाहीतर तोच शॉट घेऊन चार मित्र एकाच टेबलावर जातात आणि चौघांवरचाही विश्वास उडतो.

रील फोनमध्येच ठेवा, एमपी४, १०८०. थिएटरच्या लॉबीत नेटवर्क नसतं. क्यूआर कोड दिलात आणि समोरच्याने उघडला तर "ॲक्सेस मागा" अशी पाटी येते. लिंक सगळ्यांना उघडी आहे का, हे दुसऱ्याच्या फोनवर तपासल्याशिवाय कार्ड छापू नका.

समोरच्याने चूक दाखवली तर बाजू मांडत बसू नका. गुडघा एका फ्रेममध्ये खटकन सरळ होतोय असं म्हणाला, तर त्याच्या समोर फ्रेम नंबर लिहून घ्या. पाय जमिनीला टेकवून ठेवलेला आणि कंबर जास्त वर गेली की आयकेमध्ये (पाऊल धरलं की गुडघा आपोआप वाकवणारी रिगची सोय) तसं होतंच. कंबर दोन बोटं खाली आणली की जातं.

ऑनटूज

रीलवाला, सल्ला सोन्यासारखा आहे, पण दुसऱ्या वर्षाच्या पोराला नको. त्याच्याकडे दाखवायला चेंडू आणि पिठाची पिशवी, असे सरावाचे पहिले धडेच असतात. ते घेऊन टेबलावर गेला तर पुढच्या खेपेला तोच चेहरा "चेंडूवाला" म्हणून लक्षात राहतो. दुसऱ्या वर्षी फिल्म, शेवटच्या वर्षी रील.

रीलवाला

चेंडू चांगला असेल तर चेंडूवरही इंटर्नशिप मिळते. वजन दिसलं पाहिजे एवढंच. बोलिंगचा आणि पिंगपाँगचा चेंडू एकाच उंचीवरून सोडा, दोन्ही आवाज बंद करून ओळखू आले पाहिजेत.

परभणीकर

मुंबईला सगळ्यांनी जाण्यापेक्षा महोत्सव इकडे का आणू नये? २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. १८९२ मध्ये त्याच तारखेला पॅरिसला एमिल रेनोने पडद्यावर हलती चित्रं दाखवली, म्हणजे सिनेमावाल्या ल्युमिए बंधूंच्याही आधी. ग्रंथालयाचं सभागृह, तीन हजार लुमेनचा प्रोजेक्टर, खिडक्यांना काळं कापड आणि इन्व्हर्टर (हे विसरू नका).

पन्नास-साठ मिनिटांच्या वर खेळ नको. फिल्म करणाऱ्यांना ईमेल करून परवानगी आणि फाइल मागायची, तिकीट नाही असं स्पष्ट लिहायचं. विद्यार्थी सहसा नाही म्हणत नाहीत. दोन फिल्मच्या मध्ये तीन-चार सेकंद काळा पडदा ठेवा. आणि आदल्या दिवशी प्रत्येक फिल्मचा आवाज त्याच सभागृहात ऐकून एका पातळीला आणा, नाहीतर एक फिल्म कुजबुजते आणि पुढची अंगावर येते.

ध्वनीमिश्र

कल्पना उत्तम. फक्त ग्रंथालयाच्या सभागृहात भिंती उघड्या असतात, आवाज घुमतो. मागच्या भिंतीला सतरंज्या टांगा. आणि खुर्च्या भरल्यावर आवाज थोडा दबतो, म्हणून रिकाम्या सभागृहात किंचित मोठा ठेवा.

नवा_पेनटॅब (लातूर)

मी दुसऱ्या वर्षाला आहे. ऑनटूज दादा, वहीचं पटलं. पण अंधारात चालीचं टायमिंग कसं मोजायचं? घड्याळ दिसत नाही, फोन काढायचा नाही म्हणता.

ऑनटूज

मांडीवर बोटाने ठेका धर. २४ फ्रेमच्या फिल्ममध्ये माणसाचं साधं, लगबगीचं पाऊल १२ फ्रेमचं असतं, म्हणजे सेकंदाला दोन पावलं. वरातीतल्या बँडच्या मार्चचा ठेका तोच, मिनिटाला १२०. पात्र त्या ठेक्यात चाललं तर वहीत १२ लिही. त्याहून सैल, रमतगमत असेल तर १६. सेकंदाला एकच पाऊल पडतंय, दमलेला म्हातारा वाटतोय, तर २४. हलगी तापल्यासारखी सेकंदाला तीन पडत असतील तर ८, तो पळतोय. घरी गेल्यावर यूट्यूबवर एखादी चाल थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे सरक आणि टाच टेकण्यापासून दुसरी टाच टेकेपर्यंत मोज. व्हिडिओ २४ चाच आहे ना ते आधी बघ, ३० चा असेल तर आकडे जुळणार नाहीत. आठवडाभर रोज दहा चाली मोजल्यास तर अंधारात दोन फ्रेमच्या आत येशील.

नवा_पेनटॅब (लातूर)

आणि चारपायी जनावर असेल तर?

ऑनटूज

मागचा एकच पाय धर. बाकीचे तीन विसर.