मदत हवी आहे: आईला विमा नाही, रेटिनाचा डॉक्टर कुठे मिळेल?

नुसता_गोंधळ
नमस्कार. ऑफिसातून घाईत लिहितोय. आईला डोळ्यांसाठी हेल्थ सेंटरला (सरकारी अनुदानावरचा, उत्पन्न बघून फी घेणारा दवाखाना) नेलं होतं. त्यांनी २५ डॉलर घेतले, डोळ्याचा फोटो काढला आणि हातात चिठ्ठी दिली: रेटिना (डोळ्याच्या आतला मागचा थर) स्पेशालिस्टला दाखवा. तो स्पेशालिस्ट विमा नाही म्हटल्यावर नुसत्या पहिल्या भेटीचे साडेचारशे सांगतो, इंजेक्शन वेगळं. सेंटरवाले म्हणतात, आमचा सवलतीचा दर बाहेर चालत नाही. मग त्या चिठ्ठीचं काय लोणचं घालू? कुणाला अनुभव असेल तर लगेच सांगा.

भुईनळा
राहता कुठे? आई व्हिजिटर की ग्रीन कार्ड? वय? काहीच न सांगता लोकांनी काय पत्रिका मांडायची?

नुसता_गोंधळ
न्यू जर्सी. ग्रीन कार्ड, दोन वर्षं. वय ६८.

सातारकर_काका
भारतात ७० वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. आमच्या मेव्हण्यांचं कार्ड आधार दाखवून निघालं. आपली माणसं उगाच तिकडे अडकून पडतात.

नुसता_गोंधळ
काका, ती ६८ची आहे आणि एडिसनमध्ये आहे.

पन्हं_प्रेमी
मेडिकेड घ्या ना, गरिबांसाठीचा सरकारी विमा. फुकट आहे.

भुईनळा
ग्रीन कार्डावर आलेल्या मोठ्या माणसांना इथे ५ वर्षं थांबावं लागतं. मेडिकेअरलाही (६५ वरच्यांचा सरकारी विमा) सलग ५ वर्षं वास्तव्य लागतं. राज्याच्या मार्केटप्लेसवर (विमा विकत घ्यायची सरकारी साइट) पॉलिसी घेता येते, पण नोंदणी वर्षातून ठरावीक मुदतीतच. घेतली का नव्हती?

नुसता_गोंधळ
मागच्या वर्षी होती. यंदा हप्ता बघून सोडली. बोलू नका, बायको रोज बोलतेय.

स्पष्टवक्ता_७१
राग नका मानू, पण आईवडिलांना आणताना कागदावर सही करतो ना आपण, की यांचा भार आम्ही उचलू? मग गरिबांसाठीच्या केंद्रात आपल्यासारख्यांनी रांग लावायची हे मला पटत नाही.

एक_खिडकी
स्पष्टवक्ता, मी अशाच एका केंद्राच्या खिडकीवर नऊ वर्षं बसते आहे. पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, ही आमच्या अनुदानाचीच अट आहे. विमा असलेलेही येतात. दर उत्पन्नावर ठरतो: दारिद्र्यरेषेच्या आत असाल तर नाममात्र, दुपटीपर्यंत टप्प्याटप्प्याने. कुटुंब म्हणजे कोण कोण धरायचं, हे प्रत्येक केंद्राचं संचालक मंडळ ठरवतं, आणि त्या मंडळात निम्म्याहून जास्त लोक केंद्राचे रुग्णच असतात. रांगेत कोणी उभं राहायचं ते त्यांना ठरवू द्या.

आता गोंधळ, तुमच्याकडे वळते. बाहेरच्या खाजगी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन फिरू नका. सेंटरला फोन करा आणि डॉक्टर नको, रेफरल कोऑर्डिनेटर (रुग्णांना पुढे पाठवण्याचं काम बघणारी) द्या म्हणा. तिला दोन प्रश्न विचारा. एक, शेजारच्या काउंटीतल्या एखाद्या सेंटरमध्ये डोळ्यांचे डॉक्टर येतात का? आमच्याकडे येत नाहीत, पण पलीकडच्या सेंटरमध्ये महिन्यातून दोनदा येतात. आम्ही त्यांच्याकडे डोळे पाठवतो, ते आमच्याकडे दात. (आम्ही खरंच असंच बोलतो, "उद्या तीन डोळे येतायत.") काउंटीची हद्द आड येत नाही, फक्त उत्पन्नाचे कागद तिकडे पुन्हा दाखवावे लागतात. दोन, चिठ्ठी हॉस्पिटलच्या स्वतःच्या आय क्लिनिकच्या नावाने बदलून मिळेल का? कारण जर्सीत हॉस्पिटलच्या बिलाला चॅरिटी केअर (कमी उत्पन्नवाल्यांना बिलात सवलत) लागू होते, खाजगी डॉक्टरच्या बिलाला नाही. ओळखपत्र, जर्सीतला पत्ता, उत्पन्न आणि बँक स्टेटमेंट एवढं जवळ ठेवा.

पन्हं_प्रेमी
पण अशी मदत घेतली तर ग्रीन कार्डाला धोका नाही ना? आमच्या ग्रुपवर आलं होतं...

भुईनळा
ग्रुपवर आलेलं ग्रुपवरच राहू द्या. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

जुनी_पाटी
थोडं अवांतर. अशा केंद्रांतलं पहिलं १९६५ मध्ये बॉस्टनला कोलंबिया पॉइंटच्या वस्तीत सुरू झालं, दुसरं १९६७ मध्ये मिसिसिपीत माउंड बायूला. जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या दोन डॉक्टरांची कल्पना. माउंड बायूच्या बाजूला पोरं उपाशी असायची, तर डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून द्यायचे. किराणा दुकानदार सामान द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर. वरून आक्षेप आला तेव्हा गायगरांनी कुपोषणावर अन्न हेच औषध, असं सांगितलं.

सातारकर_काका
वा! आमच्याकडे तालुक्याला जाऊनही गोळी मिळत नव्हती तेव्हा.

दृष्टी_दोष
मी डोळ्यांचा डॉक्टर, आता निवृत्त. इतकं सगळं वाचलं, पण आईंना नेमकं होतंय काय हे कुणी विचारलंच नाही. मधुमेह आहे का? डोळ्यापुढे काळं तरंगतं का? चमका? एका बाजूने पडदा ओढल्यासारखं?

नुसता_गोंधळ
शुगर तर आहेच, वीस वर्षांची. काळे धागे दिसतात म्हणत होती म्हणून तर सेंटरला गेलो. पडदा... थांबा, विचारतो.

नुसता_गोंधळ
हो म्हणते. डाव्या डोळ्यात, खालून. मंगळवारी रात्रीपासून. सेंटरला तर सोमवारी गेलो होतो. "तू कामात होतास म्हणून बोलले नाही" म्हणाली.

दृष्टी_दोष
मग हा धागा बंद करा आणि आत्ता इमर्जन्सीला न्या. रेटिना सुटत असेल तर उद्यापर्यंत थांबायचं नाही. शक्यतो नेत्रतज्ज्ञ असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला न्या. वाटेत काही खायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. पण शुगर उतरू देऊ नका, चक्कर आली किंवा घाम फुटला तर साखर द्या आणि तिथे गेल्यावर तसं सांगा.

एक_खिडकी
विमा नाही म्हणून इमर्जन्सीत कुणी दारातून परतवू शकत नाही, १९८६ पासून कायदा आहे. तपासणं आणि प्रकृती स्थिर करणं त्यांना भाग आहे. पैशांचं नंतर. निघताना फायनान्शिअल कौन्सेलर (बिलाच्या मदतीचं बघणारे) कुठे बसतात ते विचारा.

त्रिफळा_गुरुजी
रात्री त्रिफळा भिजवून सकाळी त्या पाण्याने डोळे धुतल्यास

भुईनळा
गुरुजी, आज नको.

नुसता_गोंधळ
हॉस्पिटलमधून. रेटिनाच आहे, वरचा भाग सुटलाय. सकाळी सातला ऑपरेशन. चॅरिटी केअरचा फॉर्म मिळाला. त्यात आईचं उत्पन्न विचारलंय, ते शून्य. पण तिच्या नावावर पुण्यात एक खोली आहे, ती लिहायची का?

एक_खिडकी
लिहा. लपवू नका. भाडं येतं का त्या खोलीचं?

नुसता_गोंधळ
मामा राहतात.

सातारकर_काका
पुण्यात कुठे?